धर्माजीशेटचा टॉर्क पाना

काशीमिऱ्याच्या नाक्यावर, हायवेला लागून धर्माजीशेटचं गॅरेज होतं. शेट आपला म्हणायला. मूळचा महाडकडचा, स्वतः गाडीखाली आडवा पडून, अंगभर ऑइल माखून वर आलेला माणूस. असा माणूस मालक झाला की त्याला एक रोग जडतो, तो धर्माजीलाही जडला होता. आपण नोकरीत असताना काय काय उद्योग केले हे त्याला पक्कं आठवत होतं, त्यामुळे आपल्या नोकरांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

बरे दिवस होते तोवर हे खपून गेलं. दारात गाड्यांची रांग असली की कोण कुणावर डोळा ठेवत बसतो? पण त्या वर्षी तिकडे अरबांनी तेलाचा नळ आवळला आणि त्याची तहान इकडे काशीमिऱ्याला लागली. पेट्रोल असं कडाडलं की फियाटवाल्यांनी गाड्यांवर चादरी घातल्या आणि गपगुमान स्टेशनची वाट धरली. ट्रकांना माल मिळेना. जे धावत होते त्यांचे मालक खडखडणारी गाडी तशीच गुजरातला हाकायचे, पण दुरुस्तीचं नाव काढायचे नाहीत. गाडी बिघडायला आधी ती रस्त्यावर तर यायला हवी ना, असं धर्माजी रोज सकाळी उदबत्ती ओवाळताना गणपतीला विचारायचा. जणू त्यानेच भाव वाढवला होता.

दिवाळीला वेल्डिंगवाला लवू कामावरून गेला. त्याच्या मागोमाग रंगारी गेला. राहिले दोन मिस्त्री, राघो आणि गॅब्रियल. संक्रांतीला त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता धर्माजीने सांगून टाकलं, "शिमग्यापर्यंत बघतो. पुढे मला एकच माणूस झेपेल. कुणाला ठेवायचं ते तेव्हा ठरवू. घ्या, तिळगूळ घ्या, गोड बोला."

कुठलं गोड बोलणार! राघोच्या घशाखाली तो तीळ उतरेना.

राघो देवरुखकडचा. भाईंदरला केबिन रोडच्या मागच्या चाळीत त्याची खोली, घरात बायको सुलू आणि दोन मुली. हाताला गुण होता, पण डोकं संशयाने पोखरलेलं. भाजीवाली काटा मारते, दूधवाला पाणी घालतो, शेजारी आपल्या दोरीवरचे चिमटे पळवतात, ह्या सगळ्याचा तो मनात चोख हिशेब ठेवायचा. सुट्टीच्या दिवशी तो मालाडपासून जोगेश्वरीपर्यंत गॅरेजं पालथी घालून आला. सगळीकडचे मिस्त्री बिड्या फुंकत बसलेले, आणि हा आपल्या पोटावर पाय द्यायला आलाय अशा नजरेने त्याच्याकडे बघणारे. म्हणजे काशीमिऱ्याची नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही, हे त्याला लख्ख दिसलं.

गॅब्रियल उत्तनचा. भाऊ मासेमारीला जाणारे, घरची होडी, दारात चार माड. "ह्याला काढलं तरी ह्याच्या ताटात बोंबील असणार, आणि मला काढलं तर ताटच नसणार," राघो सुलूला म्हणायचा. तरीही हा माणूस शेटच्या पुढेपुढे का करतो? गिऱ्हाइकाशी दोन शब्द इंग्रजी का फाडतो? एकदा त्याने धर्माजीला सुक्या बोंबलांची जुडी आणून दिली. राघोने दुसऱ्याच दिवशी सुलूकडून कुळथाचं पीठ नेऊन दिलं. धर्माजीने दोन्ही ठेवून घेतलं आणि दोघांकडेही आधीपेक्षा जास्त बारकाईने बघायला लागला. फुकट काही देतो तो माणूस काहीतरी लपवतो, हे त्याचं अनुभवाचं मत होतं.

अशात टॉर्क पाना गेला.

इंजिनच्या हेडचे बोल्ट आवळताना ते किती घट्ट झाले हे काट्यावर दाखवणारा हा हातभर लांब विलायती पाना. धर्माजीने तो बंदरातल्या कुणा जहाजवाल्याकडून मिळवलेला. आसपासच्या गॅरेजात तसा नव्हता. स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाला तो त्याला हात लावू देत नसे. काम झालं की फडक्याने पुसून कपाटात ठेवायचा आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घालायचा. रथसप्तमीच्या सुमाराला एका सकाळी कपाट उघडलं, तर पान्याची जागा रिकामी.

"शेवटचा कुणी पाहिला?" धर्माजीने विचारलं.

"त्या गुजरातच्या ट्रकचं हेड बसवलं ना, तेव्हा होता," राघो म्हणाला.

"तेव्हा होताच. ट्रायल घेऊन आलो, पुसला आणि माझ्या हाताने कपाटात ठेवला. मला स्वच्छ आठवतंय."

"किल्ली गल्यात हाय तुमच्या," गॅब्रियल म्हणाला. "कपाट कोण उघडील?"

हे तो सरळपणे बोलला, पण धर्माजीच्या कानाला ते बोचलं. किल्ली तो आंघोळीच्या वेळी काढून खुंटीला अडकवायचा. दुपारी डुलकी लागली की ती छातीवर लोळत असायची. म्हणजे कुणीतरी आपल्या झोपेवर पाळत ठेवली! त्या दिवसापासून दुपारची झोप बंद झाली, आणि न झोपलेला धर्माजी झोपलेल्यापेक्षा फार वाईट होता.

राघोची खात्री पटली होती की पाना गॅब्रियलने नेला. त्याच आठवड्यात त्याने गॅब्रियलला सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबुळकं बांधून जाताना पाहिलं होतं. उत्तनच्या होड्यांना आताशा इंजिनं बसायला लागली होती. तिथे असला पाना सोन्याच्या मोलाने जाईल. राघोने हे लगेच सांगितलं नाही. असली गोष्ट कच्ची वाढली तर पचत नाही, आणि आपणच कान भरतोय असं शेटला वाटायचं. त्यापेक्षा देवाच्याच तोंडून निघू दे की!

"शेट, तांदूळ चारू या," तो म्हणाला.

त्याच्या गावाकडे चोरी झाली की हाच उपाय. भगत तांदूळ मंतरून देतो. संशयातल्या प्रत्येकाने मूठभर कोरडे तांदूळ चावायचे आणि पानावर थुंकायचे. ज्याचं मन साफ, त्याचे तांदूळ लाळेने भिजून लगदा होऊन पडतात. चोराची थुंकी आटते, त्याच्या तोंडून कोरडा भुसा पडतो. राघोच्या चाळीमागेच दाजी म्हणून एक म्हातारा भगत राहायचा, गिरणीतून निवृत्त झालेला. त्याचा तांदूळ कधी खोटा पडला नाही, असं अख्खी चाळ सांगायची.

धर्माजीचे डोळे चमकले. "पोलिसात गेलो तर तेच काहीतरी उचलून नेतील. हे बरंय. कर नाही त्याला डर कशाला?"

"तेच म्हणतोय मी," राघो म्हणाला.

दाजीने पुरचुंडी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगापाशी गणपतीची तसबीर आणून ठेवली, दोन केळीची पानं मांडली. धर्माजी पालथ्या पेटीवर न्यायाधीशासारखा बसला.

"शेट, रीतीप्रमाणे मालकाने पण चावायचे असतात," राघो म्हणाला.

"मी माझाच पाना चोरू? शहाणाच आहेस! चल, गॅब्रियल, तू आधी."

गॅब्रियलने हात मागे घेतला. "शेट, आमच्यात हे चालत न्हाय. पाद्रीबाबाला कललं तर मला चर्चात उभा करील."

राघोच्या अंगातून आनंदाची शिरशिरी गेली. आत्ताच वेळ होती. "चालत नाही की झेपत नाही? आणि त्या शनिवारी सायकलवर गोणपाटात बांधून काय नेलंस ते सांग की शेटना."

"मेणबत्ती," गॅब्रियल म्हणाला. "बाची वरसाची मिस्सा होती चर्चात. माणसाएवढी मेणबत्ती मानली होती आईने." आणि त्याने राघोकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर शरमला असता. राघोच्या मनात आलं, माणसाएवढी मेणबत्ती! थाप मारायची तर जरा बेताची तरी मारावी.

मग गॅब्रियलने छातीवर क्रूस काढला, मूठभर तांदूळ तोंडात टाकले आणि पोहे खावेत तसे मजेत चावायला लागला. त्याचा ना मंत्रावर विश्वास ना दाजीवर. त्याला कसली भीती? पानावर पांढरा, ओला लगदा पडला. सत्यनारायणाच्या प्रसादासारखा मऊ.

राघो त्या लगद्याकडे बघतच राहिला. हे कसं झालं? तांदूळ तर खोटे पडत नाहीत. मग पाना ह्याने नेला नाही? मग कुणी नेला? उरलं कोण?

"हं, राघो," धर्माजी म्हणाला.

राघोने तांदूळ तोंडात टाकले. आपण निर्दोष आहोत हे त्याला जितकं ठाऊक होतं तितकंच तांदूळ खरं बोलतात हेही ठाऊक होतं. पहिल्या चार चाव्यांपर्यंत ठीक होतं. मग त्याला आठवलं, मुलींना खेळायला आपण जुन्या बेअरिंगच्या गोळ्या घरी नेल्या होत्या. गॅरेजातलं रॉकेल बाटलीत भरून नेलं होतं, ते एकदाच नव्हे. सुलूच्या चुलीपाशी बसायचा पाट आहे, त्याला मारलेले स्क्रूही इथलेच. देव काय फक्त टॉर्क पान्यापुरतंच बघणार आहे? आणि हे तांदूळ कोरडे निघाले तर नोकरी गेली, घर गेलं, पोरींची शाळा गेली. जीभ टाळूला चिकटली. तो चावत राहिला, जबडा दुखेपर्यंत चावत राहिला, पण तोंडात थेंब सुटेना. शेवटी तो थुंकला, तेव्हा पानावर भुसा पडला. निम्मा तर वाऱ्याने उडून टायरांवर गेला.

हायवेवरून एक रिकामा ट्रक खडखडत गेला.

"शेट, देवाशपथ..." राघोचा आवाजही कोरडाच निघाला.

"देवाचं नाव नको घेऊ. त्याने सांगायचं ते सांगितलं," धर्माजी म्हणाला. "आणि तांदूळ चारायची युक्ती तुझीच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच."

राघोने आपली पान्यांची पिशवी उचलली आणि तो घरी आला.

सुलूला त्याने सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. ती ऐकत होती, भाकरी थापत होती, आणि तिचा हात हळूहळू मंदावत गेला. "दाजींचे तांदूळ?" तिने एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी राघो नोकरी शोधून परत आला, तर घर कसंतरीच दिसत होतं. डबे जागचे हललेले, माळ्यावरची लाकडं खाली काढून पुन्हा रचलेली, गाद्यांच्या शिवणी ताणलेल्या.

"काय शोधत होतीस?"

"झुरळं झालीत," सुलू म्हणाली, पण तिने वर पाहिलं नाही.

लोकांनी चोर म्हटलेलं माणूस पचवतो. पण ज्या बाईच्या हातचं आपण रोज जेवतो ती माळ्यावर पाना शोधते, हे राघोच्या काळजाला कापत गेलं. त्याला भयंकर राग आला, आणि त्याहून भयंकर हे की तिच्या जागी आपण असतो तर आपणही माळा उपसला असता, हे त्याला कळत होतं.

पंधरवडा गेला. नोकरीचा पत्ता नव्हता. वाण्याने उधारीचं तोंड वाकडं केलं. मग एका संध्याकाळी सुलूने सांगून टाकलं, "मी शेटकडे जाऊन आले. पाया पडले त्यांच्या. म्हटलं, माणसाच्या हातून चूक होते, मोहाचा क्षण असतो, पोरींकडे बघून पदरात घ्या. ते म्हणाले, त्याने माझ्यासमोर कबूल करावं आणि पाना आणून द्यावा, मग बघतो."

"अगं, पण मी घेतलाच नाही!"

"मी कुठे म्हणते घेतलात," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "पण देऊन टाका हो तेवढा."

राघो रात्रभर कूस बदलत राहिला. खरं बोलून घर चालेना, आणि खोटं बोलायला पाना जवळ नाही. शुक्रवारी त्याने आपली पान्यांची पिशवी घेतली आणि चोरबाजार गाठला. रिंग पाने, सॉकेटं, नोकरी लागल्यापासून एकेक करून जमवलेली सगळी हत्यारं. दुपारपर्यंत तो गल्ल्या धुंडाळत होता. शेवटी एका बोहऱ्याकडे हुबेहूब तसाच टॉर्क पाना मिळाला. राघोने पिशवी त्याच्यापुढे पालथी केली आणि पाना घेतला.

"किधर से उठाया ये माल?" बोहऱ्याने त्याची हत्यारं चाचपत विचारलं.

"मेरा है," राघो म्हणाला.

"सब यही बोलते हैं," बोहरी म्हणाला.

धर्माजीने पाना हातात घेतला, वजन करून पाहिलं, काटा हलवून पाहिला. "ह्याच्या मुठीवर एक चरा होता."

"घासून काढला," राघो म्हणाला.

"विकायला काढला होतास, म्हणून?"

"हो."

"एवढा लांबडा पाना नेलास कसा? मी फाटकातच तर बसतो."

राघोने क्षणभर विचार केला. "पायजम्याच्या नाडीला बांधून. आतून, मांडीला लावून."

धर्माजीने मान डोलावली. त्या मान डोलावण्यात राग कमी आणि कौतुक जास्त होतं. त्याने स्वतः एके काळी जॅकची दांडी अशीच नेली होती. "आणि किल्ली?"

"तुम्ही दुपारी घोरत होता तेव्हा."

"वाटलंच मला! वाटलंच!" धर्माजीने पेटीवर थाप मारली. इतके दिवस जागून काढलेल्या दुपारींचं त्याला सार्थक वाटलं. आणि राघोच्या ध्यानात आलं की खोटं बोलणं मुळीच अवघड नसतं, ऐकणाऱ्याला जे ऐकायचंय ते बोललं म्हणजे झालं.

धर्माजीने राघोला परत कामावर घेतलं, आणि शिमगा झाला तेव्हा गॅब्रियलला काढलं.

राघोला ह्याचं नवल वाटलं. ओल्या तोंडाचा माणूस बाहेर आणि कोरड्या तोंडाचा आत? धर्माजीने त्याला समजावून सांगितलं. "असं बघ राघो. तांदूळ आपल्या माणसाला लागू पडतात. त्याला पडतात की नाही, कोण सांगणार? त्याच्या मनात काय आहे ते मला कधीच कळलं नाही. तुझं मात्र सगळं कळलंय. तू काय चोरतोस, कसं नेतोस, कुठे बांधतोस. कबूल केलेला चोर परवडला, पण न कबूल केलेला साव नाही परवडत. तुझ्यावर फक्त लक्ष ठेवलं की झालं."

गॅब्रियल जाताना राघोपाशी आला. राघोला वाटलं, आता हा शिव्या घालणार. पण तो म्हणाला, "राघो, तू पाना घेतला न्हाय. मला ठाव हाय."

"कशावरून?"

"चोरी करायला येल लागतो. तुझा सगला येल दुसऱ्यावर डोला ठेवण्यात जातोय." आणि तो हसला. "मी होड्यांची इंजिनं बघतोय आता. काही लागलं तर उत्तनला ये."

तो दिसेनासा होईपर्यंत राघो बघत राहिला. मी घेतला नाही हे ह्याला एवढं नक्की कसं ठाऊक? ज्याने घेतला त्यालाच ते ठाऊक असणार! हा विचार आला आणि राघोला पुष्कळ दिवसांनी जरा बरं वाटलं.

नोकरी राहिली, पण ती कसली नोकरी! रोज संध्याकाळी धर्माजी फाटकात त्याला उभा करायचा आणि मांड्या चाचपायचा. गिऱ्हाईक आलं तर त्याच्यासमोरच म्हणायचा, "गाडीत काही ठेवू नका हां. माणूस कामाला वाघ आहे, फक्त हात लांब." राघो हसायचा. स्वतःची हत्यारं नव्हती, तेव्हा प्रत्येक पाना शेटकडे मागावा लागे आणि मोजून परत द्यावा लागे. घरी सुलू पुन्हा पूर्वीसारखी वागत होती. उलट जास्तच जपून, आजाऱ्याला जपावं तशी. मुलींनी शाळेतून कुणाचा खडू चुकून आणला तर त्यांना असं फटकावायची की राघोला वाटायचं, हा मार खरा कुणाला चाललाय?

आंब्याचे दिवस सरत आले असताना एके दुपारी एक ट्रक फाटकात येऊन थांबला. हेड बसवलेला तोच गुजरातचा ट्रक. ड्रायव्हर खाली उतरला तो हातात गोणपाटाची गुंडाळी घेऊनच.

"सेठ, ये आपका है ना? सीट के पीछे पड़ा था. माल नहीं मिला तो गाड़ी वापी में खड़ी कर दी थी, आज निकाली."

गुंडाळीत टॉर्क पाना होता. मुठीवर चरा असलेला.

"ट्रायल लेने घोडबंदर तक गए थे ना," ड्रायव्हर सांगत होता. "आपने वहीं गरम इंजन पे बोल्ट कसे, फिर सीट के पीछे रख दिया. मैंने भी देखा नहीं." त्याने पाणी मागून घेतलं, नमस्कार केला आणि तो निघून गेला.

राघोने हातातलं फडकं उडवलं. आनंदाने! इतके महिने छातीवर असलेला दगड कुणीतरी उचलला होता. तो काही बोलणार एवढ्यात धर्माजी उठला, त्याने कपाट उघडलं, आतला पाना काढला आणि दोन्ही पाने पेटीवर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ तो कधी ह्याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत बसला.

"हा माझा," शेवटी तो म्हणाला. "मग हा कुणाचा चोरलास?"

"चोरला नाही, शेट! कुठलाच चोरला नाही!" आणि राघोने सगळं सांगितलं. रॉकेल, बेअरिंगच्या गोळ्या, आटलेली लाळ, सुलूचं रडणं, चोरबाजार, बोहरी, आपली हत्यारं. नाडीला बांधलं ते खोटं, घोरत होतात ते खोटं, घासून काढला ते खोटं. इतकं खरं तो जन्मात एका दमात बोलला नव्हता.

धर्माजी ऐकत होता. स्वतः सीटमागे पाना विसरलो ह्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीतीसारखं काहीतरी होतं, आणि राघोने ते त्याच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तू माझ्या डोळ्यांत डोळे घालून, नाडीपर्यंतचा तपशील देऊन खोटं बोललास," तो हळूच म्हणाला. "आणि मला ते खरं वाटलं. राघो, चोर मला समजतो रे. त्याला काय हवं असतं ते मला ठाऊक आहे. चोराला मी आयुष्यभर ठेवला असता. पण न केलेली चोरी जो अशी बेमालूम कबूल करतो, त्याच्यावर मी लक्ष तरी कुठे ठेवायचं? तू उद्यापासून येऊ नकोस."

"शेट, मग तो दुसरा पाना तरी द्या. माझी हत्यारं गेलीत त्यात."

"पावती आहे?"

चोरबाजारात कोण पावती देतो? धर्माजीने दोन्ही पाने कपाटात ठेवले आणि किल्ली गळ्यात घातली.

राघो घरी पोहोचला तेव्हा सुलू दारात तांदूळ निवडत बसली होती. अवेळी आलेला बघून ती चरकली. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं, की पाना सापडला, शेटच ट्रकमध्ये विसरला होता. सुपातले तांदूळ तसेच टाकून ती उठली. "म्हणजे तुम्ही घेतला नव्हता? खरंच नव्हता घेतला?" ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग पदराने त्याच्या तोंडावरचा घाम पुसायला लागली. आज इतक्या महिन्यांनी ती त्याच्याकडे सरळ बघत होती. आत जाऊन तिने देवापुढे साखर ठेवली आणि त्यातली चिमूट त्याच्या हातावर दिली.

"आता शेट मान खाली घालतील तुमच्यापुढे," ती म्हणाली. "काय म्हणाले?"

"काढलं मला."

"आता का? आता तर कळलं ना त्यांना, तुम्ही चोर नाही म्हणून?"

"म्हणूनच काढलं," राघो म्हणाला.

सुलूला ते काही समजलं नाही. तो उंबऱ्यावर बसला आणि हातावरची साखर त्याने तोंडात टाकली.